भैय्या म्हणजे भाऊच ना? आमच्या सोसायटीच्या समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत ‘ऐन वेळी येणारे विषय’ सुरू झाले तेव्हा वडे आलेले होते आणि चहा गार होत होता. गेटवरच्या रजिस्टरात माणसांच्या नावाऐवजी ‘भैय्या’, ‘मद्रासी’ असं लिहिलं जातं, तो विषय मी काढला. सचिवसाहेब म्हणाले, “अहो, भैय्या म्हणजे भाऊच ना? त्यात वाईट काय?” सगळे हसले, मीही हसलो आणि सभा संपली. घरी जिना चढताना उत्तर सुचलं. असं माझं नेहमी होतं. तेच उत्तर आता लिहून लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावतो आहे. लांबलं आहे, पण लिफ्टची वाट बघण्यात आपला जेवढा वेळ जातो तेवढ्यात वाचून होईल.

ज्यांनी रजिस्टर कधी उघडलंच नाही, त्यांच्यासाठी त्यातलं एक पान. सकाळी ६.१०, दूधवाला भैय्या, सर्व विंग. ९.०५, चायनीज मुली, ४०२, बाहेर. १०.४०, भैय्या, एसी. ११.१५, भैय्या, प्लायवूड. १२.००, मद्रासी, डोशाचं पीठ. त्याच पानावर, दुपारी गाडीतून आलेल्या एका पाहुण्यांचं नाव ‘श्री.’ लावून, आडनावासकट, गाडीच्या नंबरासह. पानाच्या तळाशी पहाऱ्यावर कोण होतं त्याची सही: बहादूर.

अक्षर सुंदर आहे. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे आमच्या वॉचमनचं वळण आपल्यातल्या निम्म्या सभासदांपेक्षा चांगलं आहे. पण हात त्याचा असला तरी शब्द आपले आहेत. इंटरकॉमवर “कोण आलंय?” विचारल्यावर आपण त्याला शिकवलं, “भैय्या लिही.”

आता सचिवसाहेबांचा मुद्दा. त्यांचं म्हणणं शब्दकोशाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे. भैय्या म्हणजे भाऊ. बहादूर म्हणजे शूर, आणि ती तर पदवी होती, रावबहादूर आठवा. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, मराठीतसुद्धा. आणि जो शब्द इंग्लंडमध्ये आज कुठलाही सभ्य माणूस तोंडातून काढत नाही, त्या ‘पाकी’मधल्या ‘पाक’चा अर्थ पवित्र! अपमानाचे शब्द शोधायला निघालो तर हाताला लागतात ते सगळे गोड. म्हणून शब्दाचा अर्थ काढून दाखवणं हा बचाव मला पटत नाही. अर्थावरून शिवी ठरत असती तर यातला एकही शब्द कुणाला टोचला नसता.

मग टोचतं काय? माझं उत्तर व्याकरणात आहे. हसू नका.

“भैय्या, दोन लिटर द्या.” ही हाक झाली. समोर माणूस आहे, तो तुमच्याकडे बघतोय. यात कुणाला राग येत नाही. उत्तर प्रदेशात मोठ्या भावाला अशीच हाक मारतात. आता त्याच शब्दाचं अनेकवचन करा. “हे भैय्ये फार वाढलेत.” लगेच हवा बदलते. आपण कधी “माझे भाऊ वाढलेत” असं चिडून म्हणतो का? हाकेसाठीचा शब्द अनेकवचनात गेला, पुढे ‘लोकं’ लागलं, की नातं गळून पडतं आणि जात उरते. प्राण्यांची जमात म्हणतो त्या अर्थाने जात. तिसरी पायरी म्हणजे रजिस्टर. तिथे हाकही नाही, अनेकवचनही नाही, तिथे तो शब्द थेट नावाच्या रकान्यात बसलाय. एका दिवसात तीन भैय्ये आत आले. उद्या कुणाचा गॅस सिलिंडर गेला तर पोलिसांना काय सांगणार, “भैय्या आला होता”?

हे मला इतकं नीट कळतं, कारण आमच्या घरातही असा एक शब्द आहे.

माझे आजोबा साताऱ्याकडून, जावळी तालुक्यातून मुंबईत आले आणि मशीद बंदरच्या दाणाबंदरात डोक्यावरून, पाठीवरून पोती वाहत राहिले. त्यांना सगळे ‘घाटी’ म्हणत. घाटावरून आलेला तो घाटी, यात काय चूक आहे? भूगोल अगदी बरोबर. पण शेठच्या पेढीवर “घाटी को बुलाव” म्हटलं की त्याचा अर्थ सह्याद्री असा होत नसे. त्याचा अर्थ ज्याला पायऱ्यांपाशीच थांबवायचं तो. हळूहळू कामाचा अर्थ गेला आणि ‘घाटी’ म्हणजे अडाणी, गबाळा, मोठ्याने बोलणारा, एवढंच उरलं. गोव्यात ‘घांटी’ म्हणतात तेव्हा त्यात कर्नाटकातला आणि आपल्याकडचा, दोन्ही मजूर एकाच शब्दात मोडतो. कोकणातल्या आपल्याच माणसांनीही तो शब्द देशावरच्यांसाठी मनसोक्त वापरलाय, हे ए विंगमधल्या मंडळींनी नाकारू नये.

गंमत बघा. त्याच माणसाला दुसरं नाव होतं, माथाडी. तेही काही नाजूक नाव नव्हे, माथ्यावर ओझं वाहणारा एवढाच त्याचा अर्थ. पण कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी त्या नावाभोवती माणसं बांधली, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, आणि त्या नावासोबत मंडळ आलं, नोंदणी आली, भविष्य निर्वाह निधी आला. आजोबा ‘माथाडी’ अभिमानाने सांगायचे आणि ‘घाटी’ ऐकलं की पानाची पिंक टाकायला उठायचे. दोन्ही शब्द एकाच पाठीवरचे. एकाच्या मागे कायदा उभा राहिला, दुसऱ्याच्या मागे फक्त हसणं.

सभेत मागून कुणीतरी म्हणालं होतं, “आपल्याला घाटी म्हणतात तेव्हा हे कुठे असतात?” इथेच असतो काका. मला कॉलेजात एकाने तसं म्हटलं तेव्हा मी त्याची कॉलर धरली होती. आणि त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलाला मी वर्षभर ‘यंडुगुंडू’ म्हणत होतो. तो घरी तमिळ बोलायचा. त्याने माझी कॉलर धरली नाही. हे आठवलं की अजून कानाच्या पाळ्या तापतात.

‘यंडुगुंडू’ हा तसा फार जुना प्रकार आहे. ज्याची भाषा कळत नाही त्याच्या भाषेच्या आवाजावरूनच त्याचं नाव पाडायचं. ग्रीकांना परक्यांचं बोलणं ‘बर्बर’ असं ऐकू आलं, म्हणून ते रानटी ठरले. आपल्या पूर्वजांनी अस्पष्ट बोलणाऱ्याला म्लेच्छ म्हटलं. मुंबईत साठच्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’च्या घोषणा झाल्या, तेव्हा ‘यंडुगुंडू’ आणि ‘मद्रासी’ हे शब्द भिंतीवर पोचले. त्याआधीही लोक मद्रासी म्हणतच होते. उडुपीकडचा हॉटेलवाला तर १९५६ पर्यंत खरोखरच आधी मद्रास इलाख्यातला, मग मद्रास राज्यातला होता, तेव्हा नाव नकाशाला धरून होतं. नंतर तो भाग मैसूर राज्यात गेला, १९६९ मध्ये मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं, १९९६ मध्ये शहराचंही चेन्नई झालं. नकाशावर आता मद्रास उरलं नाही, आपल्या रजिस्टरात मात्र रोज दुपारी बारा वाजता येतं.

एक गोष्ट मला बरेच दिवस कोड्यात टाकत होती. ‘भैय्या’ बिघडला तसा ‘अण्णा’ का बिघडला नाही? दोन्ही थोरले भाऊच. माझा अंदाज असा की हॉटेलवाला अण्णा गल्ल्यावर बसतो. त्याच्याकडून आपण उधार घेतो, मुलीच्या बारशाची ऑर्डर देतो, टेबल मिळावं म्हणून त्याच्याकडे बघून हसतो. भैय्या गाडी लावून रस्त्यावर उभा असतो आणि महापालिकेची गाडी आली की पळतो. ज्याच्यासमोर आपल्याला कधी हसावं लागत नाही, त्याचं नाव लवकर नासतं.

याच कारणाने सगळी टोपणनावं वाईट नसतात. न्यूझीलंडचे लोक स्वतःच स्वतःला किवी म्हणवतात, मराठी पेपरात ऑस्ट्रेलियाच्या संघाला ‘कांगारू’ म्हणून मथळा येतो आणि कुणी नोटीस पाठवत नाही. किवी आहे म्हणून कुणाला घर नाकारलेलं मी ऐकलेलं नाही. मराठेशाहीच्या कागदांत वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) असे टोपीकरांचे, म्हणजे युरोपियनांचे, किती प्रकार सापडतात. आज कुठल्याही डच माणसाला वलंदेज म्हणा, तो खूश होऊन फोटो काढेल. या शब्दांच्या वाट्याला मार आला नाही.

‘जॅप’च्या वाट्याला आला. तार करताना, बातमी छापताना जपानीचा तो नुसता तुटका भाग होता, ‘ब्रिटिश’चा ‘ब्रिट’ असतो तसा. मग दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने अमेरिकेतल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत नेलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. ‘जॅप’ हा शब्द तेव्हा दुकानांच्या काचांवर, भिंतींवर, पाट्यांवर लिहिला गेला. त्यानंतर तो पुन्हा ‘नुसता तुटका भाग’ होऊ शकत नव्हता. टेक्सासमध्ये एका रस्त्याचं नावच ‘जॅप रोड’ होतं. आणि ते अपमान म्हणून नव्हे, तिथे भातशेती करणाऱ्या एका जपानी शेतकऱ्याच्या सन्मानासाठी ठेवलेलं. गावकरी तेच सांगत राहिले, आम्ही तर मानाने ठेवलं. २००४ मध्ये ते बदललं. मला गावकऱ्यांची दया येते, ते खोटं बोलत नव्हते. पण रस्त्यावरून जाणाऱ्या जपानी माणसाला पाटी दिसते, पाटी ठेवणाऱ्याचं मन दिसत नाही.

आता ‘पाकी’कडे येतो, कारण त्यावर आपल्या सोसायटीत एकमताने निषेध झालेला आहे. आठवत असेल, बी विंगमधल्या आजींच्या नातीला लेस्टरमध्ये बसमध्ये कुणीतरी ‘पाकी’ म्हणालं आणि आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. आपण सगळे हळहळलो. तेव्हा खाली बाकावर बसून चर्चा चालली ती अशी: “आपल्याला पाकिस्तानी समजतात म्हणजे काय! सांगायचं ना तिने, आम्ही इंडियन आहोत म्हणून.”

मला तेव्हाच म्हणायचं होतं, की यात चूक ओळखण्याची नाहीच. साठ-सत्तरच्या दशकात इंग्लंडात टोळक्यांनी गल्लीबोळांत गाठून मारहाण करायची आणि त्याला ‘पाकी-बॅशिंग’ असं खेळासारखं नाव होतं. मारणाऱ्यांनी पासपोर्ट बघितले नाहीत. पंजाबी, गुजराती, बंगाली, सगळे त्यात मार खाऊन झाले. “आम्ही त्यांतले नाही” असं सांगणारा एवढंच सांगतो की मारायचंच असेल तर शेजारच्याला मारा. नातीने म्हणे काहीच उत्तर दिलं नाही, ती पुढच्या स्टॉपला उतरली. मला ती शहाणी वाटते.

क्रिकेटवाल्यांना अझीम रफीक आठवत असेल. इंग्लंडमधल्या यॉर्कशर क्लबचा हा पाकिस्तानी वंशाचा खेळाडू वर्षानुवर्षं तो शब्द ऐकत होता. त्याच्या तक्रारीवर चौकशी झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात बाहेर आलं की अहवालाने तो शब्द सहकाऱ्यांमधल्या खेळीमेळीच्या थट्टेत जमा केला होता. मग गदारोळ झाला, प्रायोजक सोडून गेले, अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला, रफीक ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे बोलला. आपल्या सोसायटीतल्या कित्येकांनी ती साक्ष टीव्हीवर पाहिली आणि “गोरे ते गोरेच” म्हणून मान हलवली. सचिवसाहेब, रविवारी वडे खाताना आपण जे हसलो, ती कोणती थट्टा होती?

४०२ मधल्या मुली मणिपूर आणि मिझोरामच्या आहेत. एक रुग्णालयात नर्स आहे, दुसरी हॉटेलात रिसेप्शनवर. चीनचा संबंध असेल तर तेवढाच, जेवढा आपल्या घरातल्या मोबाइलचा. ‘चायनीज’, ‘चिंकी’ हे शब्द गेली कित्येक वर्षं चेष्टेत चालून जात होते. २०१२ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं की ईशान्येकडच्या माणसांना असं हिणवलं तर, त्यातले बरेच जण अनुसूचित जमातीचे असल्यामुळे, ॲट्रॉसिटीखाली गुन्हा होऊ शकतो. आपल्याकडे त्याची थट्टाच झाली, “चिंकी म्हटलं तर जेल!” त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अफवा उठल्या आणि पुणे स्टेशनवरून गुवाहाटीकडे जायला या मुलामुलींची झुंबड उडाली. दीड वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीच्या लाजपतनगरात निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून चिडवण्यात आलं, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. मग ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. कोरोना आला तेव्हा याच चेहऱ्यांना लोक रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारत होते. आपल्या बाजूच्या गल्लीतसुद्धा. त्या नर्सने तेव्हा किती पाळ्या केल्या असतील, तुम्हीच मोजा.

मला कुणी विचारेल, मग कोणते शब्द चालतील याची यादी द्या. यादी नको. याद्या उपयोगाच्या नसतात, कारण वागणं तेच ठेवून शब्द बदलला तर नवा शब्दही थोड्या दिवसांत आंबतो. ‘परप्रांतीय’ बघा. किती कोरडा, सरकारी, दप्तरी शब्द. तो आता कोण कुठल्या आवाजात उच्चारतो ते ऐका. ‘कुली’चंही तसंच. दक्षिण आफ्रिकेत मळ्यांवर नेलेल्या सगळ्याच हिंदी माणसांना गोरे कुली म्हणू लागले, १८९३ मध्ये तिथे पोचलेले गांधीही ‘कुली बॅरिस्टर’ झाले. इकडे रेल्वेने लाल डगल्यावर बिल्ला लावून तोच शब्द वर्षानुवर्षं चालवला. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री, आपल्या सुरेश प्रभूंनी, कुलींना ‘सहायक’ म्हणायचं जाहीर केलं. हेतू चांगला. पण ‘ए सहायक’ अशी आरोळी ठोकली की काय फरक पडला? त्यांचं ओझ्यामागचं मोल मी ठरवतो, पायरीवर थांबून घासाघीस मीच करतो, तोवर शब्द कोणताही ठेवा.

आणि हो, मुलं आपसात बोलतात ते सोडून द्या. माझा पुतण्या आणि त्याचे मित्र एकमेकांना ‘ए घाटी’ म्हणतात आणि गळ्यात गळे घालतात. ४०२ मधल्या मुलींनी एकमेकींना काय म्हणावं हा त्यांचा प्रश्न आहे. घरातल्या माणसाने ‘काळ्या’ म्हणणं आणि बसमधल्या अनोळखी माणसाने म्हणणं यातला फरक ज्याला समजावून सांगावा लागतो, तो खरं तर न समजण्याचं सोंग करत असतो.

राहिला बहादूर. अकरा वर्षं तो आपल्याकडे आहे. मधे तो चार महिने गावी गेला तेव्हा एजन्सीने दुसरा माणूस पाठवला आणि आपण पहिल्याच दिवसापासून त्यालाही बहादूर म्हणू लागलो. शौर्याचं इतकं घाऊक वाटप दुसऱ्या कुठल्या सोसायटीत झालं नसेल. गणपतीच्या वर्गणीच्या वहीत गेल्या वर्षी खर्चाच्या बाजूला नोंद आहे: ‘बहादूर बक्षीस, ५०० रु.’ मला पोलीस पडताळणीचा फॉर्म भरायचा होता, म्हणून मी त्याला नाव विचारलं. त्याने आधी “बहादूर” असंच सांगितलं. मी म्हटलं, “नाही, आईने ठेवलेलं.” तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि फॉर्मवर स्वतःच लिहिलं. नाव मी इथे छापत नाही. खाली जाऊन विचारा. एकेक करून जा, सगळे एकदम गेलात तर बिचारा घाबरेल.

समितीकडे माझ्या मागण्या थोड्याच आहेत. रजिस्टरात ‘नाव’ या रकान्यात नाव लिहिलं जावं आणि येणारा माणूस गाडीतून आला की सायकलवरून, यावर ‘श्री.’ ठरू नये. ४०२ समोर फक्त ४०२ लिहावं, देश लिहायचाच असेल तर सगळ्यांचा लिहावा. ज्यांच्या घरी रोज दूध येतं त्यांनी दूधवाल्याचं नाव एकदा विचारून ठेवावं. मी काल विचारलं, तो जौनपूरचा आहे आणि आपल्या बी विंगचं बांधकाम चालू होतं तेव्हापासून इथे दूध घालतोय, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच सभासदांपेक्षा जुना. आणि वर्गणीच्या वहीतली ती नोंद यंदा दुरुस्त व्हावी, रक्कम वाढवून.

जुनं रजिस्टर परवा भरलं. नवं दोनशे पानी मी स्टेशनरीवाल्याकडून आणलंय, रकाने पट्टीने आखून दिलेत, पहिल्या पानावर काहीच लिहिलेलं नाही. १४० रुपयांची पावती या पत्राच्या मागे टाचली आहे. खजिनदारांनी सवडीने द्यावेत. रजिस्टर आजपासून गेटवर ठेवलंय. पेनला दोरी बांधली आहे, कृपया तोडू नये.

आपला,
एक सभासद, ए विंग
(घाटी)